भरल्या ट्रॉलीची वाट

ट्रॉली भरताना नवऱ्याला अंगणात बसूच द्यायला नको होतं, हे वहिनीच्या लक्षात आलं ते सकाळी. आता सकाळी लक्षात येऊन काय उपयोग?

वहिनी म्हणजे सगळ्या गावाची वहिनी. दूध घेणारे, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, समितीच्या कचेरीतला शिपाई, सगळे तिला वहिनीच म्हणत. खरं नातं म्हणाल तर ती एकाच माणसाची वहिनी होती, आणि नेमका तोच तिच्याशी बोलत नव्हता. त्याच्याकडे आपण येऊच. आधी ट्रॉलीचं बघू.

वहिनीच्या नवऱ्याची कंबर धरली होती. डॉक्टरनं पट्टा बांधून त्याला खुर्चीत बसवलं होतं. एरवी दिवसभर शेतात राबणारा माणूस खुर्चीत अडकला की घरच्यांच्या डोक्याला ताप होतो, तसा तो झाला होता. आदल्या दिवशी ऊन उतरल्यावर शेजारपाजारचे लोक गवताच्या पेंढ्या भरायला आले, तर हा खुर्ची घेऊन अंगणात हजर. मग काय, हुकूम सुटले. आधी कोपरे लावा. पेंढीचं तोंड बाहेर, बूड आत. फळीच्या बाहेर काढा अजून, लाजताय कशाला? मध्ये दाबून भरा, म्हणजे कोपरे सुटत नाहीत. त्याच्या वडिलांची ही रीत, आणि खोटं कशाला बोला, ती सुंदरच होती. अशी भरलेली ट्रॉली दोन्ही अंगांनी फुगून येते, वर गोल होते, आणि बाजारापर्यंत एक काडी सांडत नाही. अर्धवट ट्रॉली गावातून न्यायची म्हणजे या लोकांना उघड्या अंगानं फिरल्यासारखं वाटतं. सगळ्यांनी जीव ओतून भरली. दोर आवळले, चहा प्यायले, एकमेकांच्या पाठी थोपटल्या आणि घरी गेले. उद्या या ट्रॉलीची रुंदीच परीक्षेला बसणार आहे, हे एवढ्या जाणत्या माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही. वहिनीच्याही नाही. ती आत पोळ्या लाटत होती.

सकाळी दुधाची किटली घेऊन ती गोठ्यातून बाहेर आली आणि जागच्या जागी थिजली. गवत दोन्ही बाजूंना हात-हातभर बाहेर आलं होतं.

परीक्षा काय होती ते सांगायला हवं. शहर गावाच्या अंगावर येत होतं. मोठ्या रस्त्याच्या पलीकडे सारख्या रंगाच्या घरांची रांग उठली होती, आणि ती घरं बांधणारी कंपनी आता रस्त्याच्या अलीकडे नजर लावून बसली होती. गावसमिती बरीच वर्षं मूग गिळून बसलेली. मग पिठाची गिरणी चालवणारी बाई समितीची अध्यक्ष झाली. गिरणीच्या घरघरीत जन्म गेल्यामुळे ती कुजबुजली तरी चौकात ऐकू जायचं. तिनं पहिल्याच सभेत सांगितलं की शेती वाचवा म्हणून भाषणं पुष्कळ झाली. शेतात जायची वाट राहिली तर शेत राहील, वाट गेली की शेतकरी आपोआप विकतो. तेव्हा समितीनं ठराव केला. ज्या शेतवाटेवरून भरलेली ट्रॉली दोन्ही बाजूंच्या उभ्या पिकाला धक्का न लावता जाईल, ती वाट कायमची शेतीची. समिती तिच्यावर खडी टाकेल, आणि तिच्या कडेच्या रानात इमारत उठू देणार नाही. जी वाट नापास होईल ती मेली. तिची जमीन नव्या वस्तीच्या आराखड्यात जाईल.

टेप लावून मोजायचं का नाही, असं समितीच्या इंजिनिअरनं विचारलं होतं. सगळी सभा हसली. नकाशात एक, बांधावर दुसरंच, आणि टेप धरला की डोकी फुटणार. ट्रॉली खोटं बोलत नाही, असं अध्यक्षबाईंचं म्हणणं. फक्त पिकाला धक्का लागला की नाही यावरून आरडाओरडा नको, म्हणून त्यांनी एक नियम घालून दिला: ते ज्याचं पीक त्यानं सांगायचं. दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही.

वहिनीचं शेत वाटेच्या अगदी टोकाला. मागे ओढा, दोन्ही अंगांना दुसऱ्यांची रानं. आत-बाहेर करायला ही एवढी एकच वाट. ती गेली तर दूध डोक्यावरून न्यायचं का? कंपनी म्हणेल त्या भावाला जमीन देऊन निघायचं, दुसरं काही नाही. जन्म घातलेलं रान असं जाणार या विचारानं गेले कित्येक दिवस तिचा जीव टांगणीला लागला होता.

तिनं धावत जाऊन शेजाऱ्यांना हाका मारल्या, की या, थोडं गवत उतरवू. ते येईपर्यंत अध्यक्षबाई, इंजिनिअर आणि कंपनीचा माणूस फाटकात उभे. कंपनीच्या माणसाचे बूट असे चकचकीत असायचे की गावानं त्याचं नावच बूटवाला ठेवलं होतं. माणूस गोड बोलायचा. त्यानं ट्रॉलीभोवती एक चक्कर मारली, तोंडभर कौतुक केलं आणि मग हळूच म्हणाला, की आता यातली एक जरी पेंढी काढली तर तिला भरलेली कसं म्हणायचं? उद्या लोक म्हणतील, समितीनं ट्रॉली बारीक करून वाट पास केली.

अध्यक्षबाईंचा चेहरा पडला. पण त्या माणसाचं बोलणं नियमाला धरून होतं, आणि नियम त्यांचाच. बाजाराला जशी नेता तशी न्या, एवढंच त्या म्हणाल्या. वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग कुणाचा करायचा? बूटवाल्याचा, की खुर्चीत खाली मान घालून बसलेल्या नवऱ्याचा? नवरा पट्टा घट्ट करत होता, उगाच. ती त्याच्याशी एक शब्द न बोलता ट्रॅक्टरवर चढली.

सुरुवातीला वाट सरळ होती, आणि तिथं शेजाऱ्यांनी आपला शब्द पाळला होता. ही वाट काही शहरानं खाल्ली नव्हती बरं का. ती यांनीच खाल्ली होती. दर नांगरटीला प्रत्येकजण बांध थोडासा कोरायचा, एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, आपल्यात ओढायचा. एका तासानं काय होतंय, असं प्रत्येकाला वाटायचं. असं करत करत दोन बैलगाड्या जायची वाट एका सायकलीवर आली होती. पण ठराव झाला त्या सभेत अध्यक्षबाईंनी विचारलं, की खाल्लेलं परत कोण देतो, आणि एकेक करत जवळजवळ सगळे तयार झाले. कुणी कुंपण मागे घेतलं, कुणी फळाला आलेली टोमॅटोची ओळ उपटली, कुणी शेणाचा ढीग हलवला. लोक बांधावर उभे राहून बघत होते. गवत एका ठिकाणी कुंपणाच्या तारेला चाटून गेलं, पण तार म्हणजे काही पीक नाही. ट्रॉली डुलत डुलत पुढे निघाली.

खरं घोडं पेंड खाणार होतं ते वळणावर. वळणाला दिराचा मका होता.

सभेत एकच माणूस काही बोलला नव्हता, तो हा. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा हा शाळेत जायचा. त्याचा डबा ती भरायची, त्याच्या चड्डीची नाडी निसटली की ती ओवायची. तिला ट्रॅक्टर त्यानं शिकवला; क्लच सोडताना ती किंचाळायची आणि हा मडगार्डवर बसून पोट धरून हसायचा. मग वाटण्या झाल्या. मोटारपंप कुणाचा यावरून दोघा भावांची जुंपली, आणि पुढची रस्त्याकडची जमीन धाकट्याला, टोकाची थोरल्याला, अशी फाळणी होऊन बोलणं बंद. त्या रागात धाकटा वळणावरची वाट कोरत गेला. इतर चोरून कोरायचे, हा दिवसाढवळ्या कोरायचा. थोरला बघायचा आणि म्हणायचा, खाऊ दे त्याला माती. अडवलं मात्र एकदाही नाही. अडवायचं तर बोलावं लागलं असतं. वहिनीनं किती वेळा सांगितलं, की तुम्ही नका, मी बोलते. तर त्यानं तिलाच शपथ घातली होती. दोन भावांच्या ताठ्यात तिची मान अडकली ती अशी.

आणि आता तर त्याच्या गप्प राहण्याला कारणही होतं. वाट वाचली तर तिच्या कडेचा मका कायम मकाच राहणार. वाट मेली तर तीच जमीन नव्या वस्तीच्या तोंडाशी असलेली जमीन, सोन्याचा भाव. बूटवाला त्याच्या ओसरीवर चहा पिताना लोकांनी पाहिला होता. कुणी विचारलं तर दीर नुसता हुं करायचा. त्या हुंचा अर्थ ज्यानं त्यानं आपापल्या भीतीप्रमाणे लावला होता.

वहिनीनं वळणाच्या तोंडाशी ट्रॅक्टर थांबवला. मका पुरुषभर उंच, हिरवागार, कणसांत नुकतं दूध भरू लागलेलं. डाव्या बाजूला वळसा घेऊन आलेल्या ओढ्याचा खड्डा, उजवीकडे मका. तिनं मान वळवून ट्रॉलीकडे पाहिलं, मग वळणाकडे. नुसती फळीपर्यंत भरलेली असती तर निघाली असती. कशीबशी, पण निघाली असती. असं बाहेर फुगलेलं गवत काही केल्या निघणार नव्हतं.

दीर बांधावर उभा होता. हात मागे, चेहरा कोरा. बूटवाला अध्यक्षबाईंना ऐकू जाईल असं म्हणाला, की वहिनींना अवघड वाटत असेल तर माघार घेतली तरी चालेल, माणसानं उगाच हट्ट करू नये.

वहिनी इंजिन चालू ठेवून खाली उतरली. नवऱ्याची शपथ गेली खड्ड्यात, असं मनाशी म्हणत सरळ दिरासमोर जाऊन उभी राहिली. सगळ्यांच्या माना वळल्या. इतक्या वर्षांनी समोरासमोर बघितल्यावर तिला आधी दिसले ते त्याच्या कानांवरचे पांढरे केस.

"भाऊजी," ती म्हणाली, "ही वाट गेली तर आम्ही इथं राहत नाही. जमीन देऊन टाकतो आणि जातो. तुमच्या मनात तेच असेल तर तसं सांगा, मी राग धरणार नाही. पण मी ट्रॉली मागे घेणार नाही. तुमच्या मक्याला काय झालं ते तुम्हीच सांगायचंय."

त्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही. तो तिच्या खांद्यावरून ट्रॉलीकडे बघत होता.

"दादानं भरली?" त्यानं विचारलं.

"खुर्चीत बसून. पट्टा बांधून. हुकूम सोडत."

"कोपरे आधी लावलेत," तो म्हणाला. ओठ किंचित हलल्यासारखे झाले, किंवा तिला तसं वाटलं. ती तशीच थोडी थांबली, पण आता काही मिळणार नाही हे कळून परत फिरली. चढताना तिचा पाय पायरीवरून घसरला आणि नडगीला लागलं, तेही तिला नंतर कळलं.

तिनं पहिला गिअर टाकला. ट्रॅक्टर वळला. पुढची चाकं खड्ड्याच्या काठावरून गेली, माती ढासळून पाण्यात पडल्याचा आवाज आला. तिनं स्टीअरिंग थोडंही सैल सोडलं नाही. ट्रॉलीचा पुढचा कोपरा आत शिरला. अजून काही नाही. अजून काही नाही. मग मक्याची पानं गवताला घासू लागली, आणि कट्, असा आवाज आला. मागोमाग आणखी एक, आणि आणखी.

"थांबा," इंजिनिअर ओरडला.

तिनं ब्रेक दाबला. ट्रॉली वळणात अर्धी आत, अर्धी बाहेर. मोडलेली मक्याची ताटं गवताखाली वाकून पडली होती, आणि हे आंधळ्यालाही दिसलं असतं. टोमॅटोची ओळ उपटणारा म्हातारा मटकन खाली बसला. वहिनीनं स्टीअरिंगवर कपाळ टेकलं. संपलं, एवढंच तिच्या मनात आलं. आणि मग, अगदी वेड्यासारखं, की संध्याकाळचं दूध काढायचंय.

बूटवाल्यानं खिशातून रुमाल काढून हात पुसले, जणू हातानं काही काम केलं होतं. धक्का लागलेला सगळ्यांनी पाहिला आहे, असं तो म्हणाला. अध्यक्षबाईंनी त्याला हातानंच गप्प केलं. नियम नियम असतो, त्या म्हणाल्या, विचारायचं ते मालकाला. त्यांचा आवाज पहिल्यांदाच इतका खाली आला होता की मागच्यांना ऐकू गेला नाही.

"तुमच्या पिकाला धक्का लागला का?"

दीर बांधावरून उतरला. मोडलेल्या ताटांपाशी जाऊन खाली बसला. एक ताट उचललं, कणीस सोलून बघितलं, दाणा नखानं दाबला. दूध आलं. मग उठून उभा राहिला आणि हात पँटला पुसले.

"माझ्या पिकाला नाही लागला," तो म्हणाला.

बूटवाला हसलाच. अहो, हा मका तुमचा नाही का, त्यानं विचारलं. पेरताना मी स्वतः पाहिलंय तुम्हाला.

"पेरला मी," दीर म्हणाला. "जागा माझी नाही. हा वाटेत पेरलाय."

ट्रॅक्टरचं इंजिन तेवढं धडधडत होतं. वहिनीनं मान वर केली. जो माणूस चूक केली असं सख्ख्या भावासमोर कधी म्हणाला नव्हता, तो हे सगळ्या गावासमोर, कंपनीच्या माणसाच्या तोंडावर म्हणत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. शाळेत मार खाऊन आला की असेच व्हायचे.

इंजिनिअर गोंधळला. त्याला लिहायला काहीतरी हवं होतं. मग तुमची हद्द कुठे ते दाखवा, तो म्हणाला, म्हणजे तिथपर्यंतचं सगळं वाटेत धरतो आणि काढायला सांगतो. अध्यक्षबाईंनी मान डोलावली. आता तो दोन पावलं आत जाईल, ट्रॉलीपुरती जागा सोडेल आणि तिथं थांबेल, असं सगळ्यांनाच वाटलं. तेवढंही पुष्कळ झालं असतं.

दीर मक्यात शिरला. ताटं बाजूला झाली आणि त्याच्यामागे मिटली. वहिनी ट्रॅक्टरवर उंच बसलेली, म्हणून तिला तुरे हलताना दिसत होते. ते ट्रॉलीपुरत्या जागेपाशी पोचले. थांबले नाहीत. पुढे गेले. बूटवाला अध्यक्षबाईंना काहीतरी सांगू लागला होता, तो बोलता बोलता गप्प झाला. तुरे अजून हलतच होते. वाटण्या झाल्यापासून जेवढी तासं त्यानं ओढली होती, तेवढी सगळी तो मागे टाकत चालला होता, एकही सोडत नव्हता. शेवटी फार आत, जिथं मका गर्द होता, तिथं हालचाल थांबली.

"इथून माझं," त्याचा आवाज आला.

इंजिनिअर तिकडे बघतच राहिला. मग त्यानं अध्यक्षबाईंकडे पाहिलं. लिही, त्या म्हणाल्या, वाट पास. आणि या वेळी चौकातच काय, पलीकडच्या नव्या घरांतही ऐकू गेलं असेल. बांधावर कुणीतरी नाक शिंकरलं. बूटवाला आपल्या गाडीकडे निघाला. चिखलातून जाताना बुटांकडे बघायचंही त्याला सुचलं नाही.

दीर बाहेर आला तो अंगाला परागाची पिवळी धूळ लागलेला. वहिनीला काहीतरी बोलायचं होतं. भाऊजी, घरी चला, एवढं तरी. पण ती रडत होती, चारचौघांत, पदरही न लावता.

त्यानं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. ट्रॉलीच्या पुढे जाऊन उभा राहिला आणि समोरचं पहिलं ताट दोन्ही हातांनी धरून मुळापासून मोडलं. मग दुसरं.

"क्लच हळू सोडा, वहिनी," तो मागे न बघता म्हणाला. "मका कोवळा आहे, घसरेल चाक."

ती हळूहळू पुढे आली. तो मका मोडत पुढे चालत होता.